कसरीने खाल्लेलं एआयने वाचलं

बोरूबहाद्दर | शनिवार, रात्री १०.४०

नोकरीतून सुटलो त्याच वर्षी मोडी लिपीच्या वर्गाला नाव घातलं. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस सकाळी दोन तास जुने कागद वाचतो. आधी स्वतःच्याच घरचे. वाई तालुक्यात आमच्या गावी माडीवर एक पत्र्याची पेटी आहे, त्यात शे-सव्वाशे कागद. निम्म्यांना कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागलेली.

गेल्या महिन्यात पुतण्या आला. म्हणाला, काका, भिंग लावून काय बसता, फोटो काढा आणि एआयला द्या. दिला. अर्ध्या मिनिटात अख्खा कागद देवनागरीत, वर आजच्या मराठीत अर्थ, खाली 'ऐतिहासिक महत्त्व' म्हणून तीन मुद्दे. त्या कागदावर मी अकरा दिवस बसलो होतो. खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला.

मग ओळीखाली ओळ ठेवून ताडून पाहिलं.

मायना तंतोतंत. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष', एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेवटचं 'बहुत काय लिहिणे' तेही बरोबर. गोंधळ सगळा मधल्या मजकुरात.

मोडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, होता होईल तो हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचं. आमच्या कागदात 'वडाचेमाळीविहीर' असं सलग आहे. वडाचे माळी, म्हणजे वडाच्या माळावर. गावात आजही त्या जागेला वडाचा माळच म्हणतात. एआयने वाचलं, 'वडाच्या माळ्याची विहीर', आणि खाली महत्त्वाच्या मुद्द्यांत लिहिलं की हे घराणं बागायतीच्या व्यवसायात असावं. आमच्यात तुळशीचं रोपही कुणाला धड जगवता येत नाही.

तारीख 'इहिदे सितैन मया व अलफ'. अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हा शुहूर सन. मृग लागला की बदलतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७६०-६१. एआयने ११६१ हा हिजरी सन धरला आणि ठोकून दिलं, १७४८. बारा वर्षांचा फरक! कागद पानिपताच्या सालातला, आणि हा तो साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या हयातीत नेऊन ठेवतो.

पण मला खरी झोप लागली नाही ती पुढच्या गोष्टीने. कागदाच्या मधोमध बोराएवढं भोक आहे. 'विहिरीचे पाणी', मग भोक, मग 'यांणी घ्यावे'. पाणी कुणी घ्यावं तेच नेमकं कसरीने खाल्लंय. मी तिथे टिंबं दिली होती. एआयने तिथे एक झकास नाव घातलं, बापाच्या नावासकट. आणि पुतण्याने ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. विहिरीवरून आमच्या दोन घरांत तीन पिढ्यांचा अबोला आहे. पंधरा मिनिटांत चुलतभावाचा मेसेज: "बघा, आमचंच पाणी."

मी लिहिलं, अहो तिथे भोक आहे. त्यावर वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला लागलं नसेल अक्षर. त्याला लागलं."

मला एआयला शिव्या घालायच्या नाहीत. अडचण वेगळीच आहे. घरातल्या कुणालाच टिंबांचा कागद नको होता, भरलेला हवा होता. तुमच्याकडे असं होतं का? काय करता?


खवचट | शनिवार, रात्री ११.१५

काका, कॅल्क्युलेटर आला तेव्हाही मास्तर लोक असेच रडले होते. पाढे विसरले म्हणून कुणी मेलं नाही. आणखी दोन वर्षं थांबा, भोकाच्या पलीकडचंही वाचेल. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).


गणिताची_बाई | रविवार, सकाळी ७.०५

@खवचट, कॅल्क्युलेटरला शून्याने भागायला सांगा. काय म्हणतो? 'एरर'. तो बिचारा मनाने आकडा घालत नाही.

नववी-दहावीला शिकवते, म्हणून सांगते. पूर्वी चुकलेलं गणित तोंडावरून कळायचं. खाडाखोड, मधेच सोडलेली पायरी, समासात केलेला भागाकार. मूल कुठे अडलं ते वहीच सांगायची. आता चुकीचं उत्तरही सुवाच्य अक्षरात आणि सगळ्या पायऱ्यांसकट येतं. पायऱ्या आहेत म्हणजे बरोबरच असणार असं मुलांना वाटतं. पालकांना तर वाटतंच.

मी एक केलंय. एआय वापरायला बंदी नाही, पण आधी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अंदाज लिहायचा. किती येईल, साधारण? शंभराच्या आत की हजाराच्या वर? मग काय हवं ते वापरा. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर दोघांपैकी कोण चुकलं ते मला येऊन सांगायचं. पहिला महिना कुणी अंदाजच लिहीना. चुकीचं काही कागदावर दिसलेलं त्यांना चालतच नाही हो! ही भीती कुठून आली कोण जाणे.


शून्य_एक | रविवार, सकाळी ९.३०

या धंद्यात आहे, म्हणून थोडं आतलं.

बोरूबहाद्दर, त्याला भोक दिसलंच नसेल असं नाही. पण हे मॉडेल मुळात काय करतं, तर आत्तापर्यंतच्या मजकुरापुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे ते काढतं. चित्रातून मिळालेली खूण पक्की असेल तर ती शक्यतेला वेसण घालते. छापील देवनागरी त्याने अफाट पाहिली आहे, तिथे खूण पक्की. मोडी त्यामानाने चिमूटभर. मग चित्र कुजबुजतं आणि भाषेची सवय ओरडते. 'विहिरीचे पाणी' आणि 'यांणी घ्यावे' यांच्यामध्ये एक नाव हवं, हे भाषेच्या सवयीला पक्कं ठाऊक आहे. म्हणून नाव येतं. ते खोटं बोलत नाही. खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं.

एक करून बघा. तोच फोटो तीन वेळा द्या, दर वेळी नव्याने गप्पा सुरू करून.

आणि खवचट यांचं अगदीच चूक नाही. आयआयटी रुरकीच्या मंडळींनी पुण्यातल्या संस्थांबरोबर मिळून २०२५ साली दोन हजारांवर मोडी पानांच्या प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच सगळ्यांसाठी खुला केला. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशी तिन्ही वळणं त्यात आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ ला. आत्ता कुठे सुरुवात होतेय. खास मोडीसाठी शिकवलेलं यंत्र चांगलं वाचेल, यात मला शंका नाही.


सातबारा | रविवार, सकाळी ११.५०

सगळे शहाणे लोक बोलतायत, म्हणून भीत भीत लिहितो. २०२३ ला न्या. संदीप शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला लागले, तेव्हा आमच्या भागात मोडी वाचणाऱ्या माणसाला सोन्याचा भाव आला होता. मी पण एक गठ्ठा घेऊन तीन महिने फिरलो. एक गृहस्थ भेटले, त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले बाकीचं दिवाळीनंतर. कुठली दिवाळी ते सांगितलं नाही.

शेवटी एआयला दाखवलं. त्याने एवढंच सांगितलं की यातले हे चार कागद जन्ममृत्यूच्या नोंदवहीसारखे दिसतात आणि बाकीचे हिशेब. मग ते चारच घेऊन जाणकाराकडे गेलो. त्यांनी सांगितलं, तीन बरोबर निघाले. गरिबाला हेही खूप आहे राव. तुमच्याकडे अकरा दिवस आहेत, आमच्याकडे नव्हते.


बोरूबहाद्दर | रविवार, दुपारी ४.२०

सातबारा, भिऊ नका, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. गठ्ठा चाळायला ते उत्तम. तुम्ही शेवटचा शब्द त्याला दिला नाहीत, जाणकाराला दिलात. आणि आम्ही मोडीवाले माणसांना ताटकळत ठेवतो हा आरोप मान्य. दिवाळीवाले गृहस्थ आमच्याच वर्गातले असणार.

शून्य_एक, केलं. तीन वेळा दिला. पहिल्यांदा ते नाव. दुसऱ्यांदा भोकात 'सर्व भाऊबंद'. तिसऱ्यांदा 'धाकटे घरचे'. तिन्ही वेळा तोच रुबाब. तिन्ही उत्तरं घरच्या ग्रुपवर टाकली. चुलतभावाने अंगठा दिला नाही.

मग मी मास्तरकी केली: जे तिन्ही वेळा सारखं आलं ते खरं मानावं का? तर नाही. 'वडाच्या माळ्याची विहीर' तिन्ही वेळा आली. तिन्ही वेळा चूक! जे पाठ असल्यासारखं येतं ते साच्यातलं. मायना साच्यातला, शेवट साच्यातला, मौजे-तर्फ-परगणे साच्यातलं. आणि कागद ज्या एका गोष्टीसाठी लिहिला गेला, की याच विहिरीचं पाणी, याच माणसाला, ती कुठल्याच साच्यात नसते. मायना बरोबर, मजकूर चूक. आमचे मोडीचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, वाचता येतंय असं वाटायला लागलं की पेन्सिल खाली ठेवा. तेव्हा मला तो पुणेरी खवचटपणा वाटला होता.


ग्रंथकीटक | रविवार, संध्याकाळी ६.००

माझ्या नावामुळे कसरीची बाजू घेणं आलं. असो.

माणसाला भोक सहन होत नाही ही जुनीच गोष्ट. जोसेफ वायझेनबाऊमने १९६६ साली एमआयटीत एलायझा नावाचा साधा प्रोग्रॅम केला. तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस्स. त्याच्या सेक्रेटरीने तो करताना त्याला पाहिलं होतं. तरी थोडा वेळ टंकून झाल्यावर तिने त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं, खासगी बोलायचंय म्हणून. भरणारी तीच होती, यंत्राने फक्त रिकामी जागा पुरवली. २०२३ ला न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी एआयने रचलेले खटले दाखले म्हणून सादर केले, पाच हजार डॉलर दंड झाला. त्यातल्या एकाने आधी एआयलाच विचारलं होतं, हे खटले खरे आहेत ना? ते म्हणालं, हो.

आमच्या वेळचं सांगतो. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला. मी आठवीत. आई रांगेत उभी. मी घरी बसून वरवंट्याला चमचा टेकवला, किंचित कलता. तोही प्यायला. पृष्ठताण हा शब्द नंतर कळला, पण वरवंटा दूध पितो एवढं कळायला तो लागला नाही. आईला दाखवलं तर म्हणाली, "वरवंट्यातही देव आहेच." तिथे माझा विज्ञानप्रसार संपला.

पण तेव्हा वरवंटा हाताशी होता. आता एआयच्या उत्तराला चमचा कुठे टेकवायचा?


बॅकलॉग | रविवार, रात्री ९.४५

इंजिनीअरिंग, तिसरं वर्ष. खरं सांगू का, आमच्या बॅचमध्ये कुणीच स्वतः रिपोर्ट लिहीत नाही. मीपण नाही. परवा तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "हीच पद्धत का घेतलीस? दुसरी का नाही?" रिपोर्टमध्ये त्यावर अख्खं पान होतं. माझ्याच नावाचा रिपोर्ट. मला त्यातलं एक वाक्य आठवेना. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पान उलटून मला दाखवलं आणि म्हणाल्या, "वाच, चांगलं लिहिलंयस."

तेव्हापासून कसंतरीच वाटतंय. मार्क मिळाले तरी.


बोरूबहाद्दर | रविवार, रात्री १०.३०

बॅकलॉग, अशा कागदाला जुनं नाव आहे. शेतकऱ्याला लिहिता येत नसे. कागद कारकून लिही आणि शेतकरी खाली नांगराचं चित्र काढी. कागदात त्याला 'निशाणी नांगर' म्हणतात. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे, पण बांधला जाई तोच. १८७५ साली सुप्याला आणि मग पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकून जाळले, ते उगाच नाही. तू मात्र वाचता येत असून नांगर काढलास. जाऊ दे, पुढच्या वेळी रिपोर्टचं एक पान तरी स्वतः लिही. वेडंवाकडं चालेल.


खवचट | सोमवार, सकाळी ८.१०

मान्य, आजचं यंत्र चुकतं. पण माझा प्रश्न कुणी घेतला नाही. समजा पाच वर्षांनी ते शंभर टक्के अचूक वाचू लागलं. मग काका सकाळचे दोन तास काय करणार? अचूकतेवर मोठेपणा उभा केलात तर तो त्या दिवशी पडणार.

(कुणीतरी वारीचं उदाहरण द्यायच्या आत विचारून ठेवतो.)


साधी_भाजी | सोमवार, सकाळी ८.५५

घ्या! मी तेच लिहायला बसले होते. एसटी असताना लोक आळंदीहून पंढरपूरला चालत का जातात, वगैरे. पुसलं.


खवचट | सोमवार, सकाळी ९.००

आभारी आहे.


बोरूबहाद्दर | सोमवार, दुपारी १.१५

खवचट, प्रश्न चोख आहे. सकाळपासून डोक्यात होता.

आमच्या पेटीत एकाच कारकुनाच्या हातचे चाळीसएक कागद आहेत. नाव कुठेच नाही. पहिले दहा कागद मी त्याला शिव्या घातल्या, इतकं गिचमिड. पुढे सवय झाली. बोरू शाईत बुडवला की अक्षर ठसठशीत येतं, मग फिकट होत जातं, परत ठसठशीत. त्यावरून कळतं तो कुठे थांबला. हा गडी वाक्य संपल्यावर बोरू बुडवतो, कधीच मधे नाही. कोरडा पडला तरी ओढत नेतो. फक्त एका कागदात, घरातल्या कुणाच्या तरी मरणाची खबर आहे त्यात, एका ओळीत तीनदा बुडवलाय. शाई संपली नव्हती. अक्षर ठसठशीतच आहे, तरी बुडवलाय.

आता हे काही इतिहासात जायचं नाही. कदाचित दौत वाईट असेल. पण उद्या यंत्राने सगळे कागद बिनचूक वाचले तरी त्याच्याकडे आणि माझ्याकडे मजकूर सारखाच असेल. तो कारकून मात्र माझ्या ओळखीचा झालाय. दोन तासांत मी काय करतो असं विचाराल, तर त्याच्याकडे जाऊन बसतो.

राजवाडे वाईत सापडलेल्या कागदांवर बसले, १८९८ ला पहिला खंड काढला आणि मग आयुष्यभर गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले. मी काही राजवाडे नव्हे. माझ्याने शंभर कागद झाले तरी पुष्कळ.


खवचट | सोमवार, दुपारी १.४०

'कदाचित दौत वाईट असेल' हे तुम्हीच लिहिलंत म्हणून वाद घालत नाही.


मोगरा_एनजे | मंगळवार, पहाटे ५.२०

दोन दिवस वाचतेय आणि पोटात खड्डा पडलाय. लिहू की नको करत लिहितेय.

माझ्या बाबांच्या पेटीत त्यांच्या आजोबांचा एक मोडी कागद होता. बाबांना वाचता येत नाही. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काहीतरी वेगळं द्यायचं म्हणून मी तो एआयकडून वाचून घेतला. पणजोबांनी पणजीला लिहिलेलं पत्र निघालं. 'यंदा पाऊस चांगला आहे, मुलांना शिकव, मी लवकर येतो.' तारीख शके १८१२. खाली फुलासारखं एक चित्र आहे, ती म्हणे प्रेमाची खूण. मी ते सुंदर अक्षरात लिहून, मूळ कागदासकट फ्रेम करून दिलं. इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये ऐंशी माणसांपुढे वाचलं. बाबा रडले. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

बोरूबहाद्दर काका, फोटो जोडतेय. बघाल का?


बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ७.३०

ताई, फोटो उघडला. आज आणि उद्या मला लागतील. उत्तर इथे देऊ की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू?


मोगरा_एनजे | मंगळवार, सकाळी ७.३५

इथेच द्या. मीही सगळ्यांसमोरच वाचलं होतं.


बोरूबहाद्दर | बुधवार, रात्री ९.५०

ताई, पत्र नाही.

क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्हालाही ताडता येईल. पहिली ओळ पाहा. संवत्सराचं नाव स्वच्छ आहे: 'विकारी'. शकाचे शेवटचे दोन आकडे पुसट आहेत, ते एआयने १२ वाचले. पण शके १८१२ ला विकृती संवत्सर होतं. विकारी येतं १८२१ ला. साठ वर्षांचं चक्र आहे, पंचांगात कुणालाही मोजता येईल. म्हणजे इसवी १८९९-१९००. तो छप्पनच्या (विक्रम संवत १९५६ च्या) दुष्काळाचा काळ. पाऊस चांगला असल्याचं लिहायला माणूस जिवंत राहिला तरी पुरे होतं.

कागद कर्जरोखा आहे. रुपये चाळीस, व्याज दरमहा दर शेकडा दोन. कारण दिलंय: 'गुरांचे वैरणीकरिता'. गहाण: तांब्याचा हंडा एक, सोन्याची नथ एक. सावकाराचं नाव घडीवर आलंय, झिजलंय, मला लागत नाही. टिंबं दिली आहेत. मुदतीच्या जागी एक शब्द आहे, तो 'मार्गशीर्ष' असावा, पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय.

आता ते फूल. त्याच्या आधी दोन शब्द आहेत: 'निशाणी नांगर'. परवा ज्याच्याबद्दल लिहिलं तेच. त्याखाली 'बिकलम' म्हणून लिहिणाऱ्याचं नाव आहे, तो कुणी दुसरा. तुमच्या पणजोबांना लिहिता येत नव्हतं. पत्र त्यांनी लिहिलं असणं शक्य नाही.

एक मात्र विचार करण्यासारखं आहे. रोखा कर्ज फिटेपर्यंत सावकाराकडे राहतो. तुमच्या घरी आहे, त्याअर्थी परत आला असावा. कागदाच्या कडेला पलीकडची शाई उमटलेली दिसते. मागच्या बाजूचा फोटो आहे का?


गणिताची_बाई | बुधवार, रात्री १०.२०

मोगरा, एवढं इथे सगळ्यांसमोर विचारलंस, याला धीर लागतो. बाबांना कसं सांगणार?


मोगरा_एनजे | गुरुवार, पहाटे ४.१०

माहीत नाही. फ्रेम उघडावी लागेल, मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटवली आहे. म्हणजे सांगावंच लागेल.


सातबारा | गुरुवार, सकाळी १०.००

ताई, सांगा. बायकोची नथ ठेवून वैरण आणली त्याने. आमच्याकडे अशा माणसाचं नाव पोरांना देतात.


मोगरा_एनजे | शनिवार, सकाळी ८.३०

काल सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच सुरी आणून फ्रेम उघडली. मागचा फोटो जोडलाय.


बोरूबहाद्दर | शनिवार, दुपारी १२.०५

दोनच ओळी आहेत आणि दोन्ही लागल्या. शके १८२४, शुभकृत् संवत्सर. 'मुद्दल व व्याज भरून पावलो.' तीन वर्षांत फेडलं. दुष्काळातून निघून, शेकडा दोन व्याजाने!

नथ आणि हंडा परत दिल्याचा उल्लेख नाही. परत मिळाले असणार असं वाटतं, पण कागदावर नाही.


मोगरा_एनजे | शनिवार, संध्याकाळी ६.४५

आत्याकडे साताऱ्याला एक जुनी नथ आहे. तीच असेल का?


बोरूबहाद्दर | शनिवार, संध्याकाळी ७.००

सांगता येणार नाही, ताई. रोख्यात वजनही दिलेलं नाही, वर्णनही नाही.


मोगरा_एनजे | रविवार, सकाळी ६.५०

बाबांनी विचारलं, यातला नांगर कुठला? मी दाखवला. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला. ते सोळा वर्षांचे होईपर्यंत गावी होते, स्वतः औत धरलेलं आहे. मला म्हणाले, "हे बघ इसाड. हा फाळ. हे रुमणं, हातात धरायची मूठ." मला तोवर फूलच दिसत होतं. मग म्हणाले, "रुमणं उलट्या अंगाला काढलंय. आजा डावखुरा असणार, माझ्यासारखा."

आता दिवसभर फोन करून सगळ्यांना तेच सांगतायत. काका, असेल का हो डावखुरा?


बोरूबहाद्दर | रविवार, सकाळी ७.४०

एका चित्रावरून नाही ठरवता येणार. पेटीत त्यांची निशाणी असलेला आणखी एखादा कागद असेल तर पाठवा. दुसऱ्या नांगराचं रुमणंही त्याच अंगाला असेल, तर बोलू.